ओळख पाहू, कोण बोलतंय?

मी कंप्युटर क्लासमध्ये शिकवतो म्हटल्यावर तुम्ही वही-पेन घेऊन बसला असाल. आता हा सांगणार, पासवर्डमध्ये एक मोठं अक्षर घाला, एक आकडा घाला, आणि एक ते विचित्र चिन्ह, जे कीबोर्डवर कुठं असतं ते कुणालाच सापडत नाही. नाही सांगणार. वही मिटा. किंवा तुम्हाला वाटलं असेल, याचे पैसे गेलेत आणि आता हा रडणार. तेही नाही. माझ्या खात्यात चोरानं हात घातला तर त्यालाच वाईट वाटेल, जाताना काहीतरी टाकून जाईल बिचारा.

मला सांगायचंय एका खेळाबद्दल. तो खेळ आता कुणी खेळत नाही.

मी लहान असताना फोनच्या डब्यावर नाव उमटायचं नाही. घंटी वाजली की उचलायचा, आणि पलीकडचा माणूस आपलं नाव सांगायचाच नाही. म्हणायचा, "ओळख पाहू, कोण बोलतंय?" मग आपण ओळखायचं. मामा का? नाही. अमळनेरचे काका का? नाही. निम्मा फोन यातच जायचा. उरलेल्या निम्म्यात पाऊस आणि लग्नं.

या खेळात मी बदमाश होतो, कारण मला आवाज काढता यायचे. दिंडोरीच्या शाळेत मी हेडमास्तरांच्या आवाजात शेजारच्या वर्गाला सुट्टी दिली होती आणि वर्ग गेलाही होता. पण माझं खरं गिऱ्हाईक म्हणजे आत्या, वडिलांची बहीण. ती येवल्याला असते, पैठणी विणते. तिचा फोन मागाच्या शेजारी खिडकीत, त्यावर लोकरीचं झाकण. मी दिंडोरीहून फोन लावायचो आणि जाड आवाजात म्हणायचो, "ताई, लासलगावहून बोलतोय, कांद्याची गाडी तुमच्या दारात उतरवू का?"

"माझ्या दारात? अवो, कुणी सांगितलं?"

"तुमच्या भावानं. सगळीच उतरवू ना?"

"अवो थांबा थांबा!" मग मला हसू फुटायचं, आणि ती ओरडायची, "मेल्या, तूच हाय ना!" कधी मी पुण्याची बाई व्हायचो आणि नाकातून मोरपंखी काठ मागायचो. कधी ती रेकॉर्ड केलेली बाई, 'आपण डायल केलेला क्रमांक तपासून पहा.' त्या वेळी तर आत्यानं खरंच क्रमांक तपासला. फोन तिला आला होता, तरी.

प्रत्येक वेळी फसायची. मुद्दाम फसत असेल का, हे मला तेव्हा सुचलं नाही.

तर आता मी नाशकात मोठ्या माणसांना फोन आणि इंटरनेट वापरायला शिकवतो. वर्गात निवृत्त मावश्या, एक-दोन दुकानदार, आणि दिंडोरीकडचे एक द्राक्षबागायतदार काका, ज्यांचं बोट जाड असल्यामुळे एका वेळी तीन अक्षरं दाबली जातात. माझा सगळ्यात आवडता तास फसवणुकीच्या फोनचा. मी वर्गातच तोतया होतो. "सर, आप का कार्ड आज रात को बंद हो जाएगा." नाहीतर कुरिअरवाला. नाहीतर मग, "काय काका, ओळखलं नाही का?"

यावर काका हमखास म्हणतात, "आरं, पिंपळगावच्या पावण्याचा पोरगा का तू?"

"हो हो, तोच!"

झालं. चोराला काही करावंच लागत नाही. नाव आपणच देतो, नातं आपणच देतो, वर चहाला बोलावतो. माझा लाडका खेळ चोरांनी उचलला, याचं मला आजही वाईट वाटतं. मी वर्गात सांगतो, 'ओळख पाहू' म्हणणाऱ्याला ओळखायचं नाही. घाई करणाऱ्याचा फोन कापायचा. आणि मेसेजनं आलेला कोड म्हणजे घराची किल्ली, ती देवालाही द्यायची नाही.

हेच सगळं मी येवल्याला जाऊन आत्याला पण शिकवलं. कारण तिचा फोन म्हणजे तिचं दुकान. ते हिरव्या चिन्हाचं अ‍ॅप, नाव घेत नाही, आत्ता तुमच्याही हातात तेच असेल, त्यावर तिची सगळी गिऱ्हाइकं. पदराचे फोटो तिथंच, रंग तिथंच ठरतात, नवरीची आई तिथंच "मोर जरा गुबगुबीत हवा" म्हणून बोललेलं पाठवते. ते खातं कुणी पळवलं तर उद्या आत्याच्या नावानं, आत्याचा फोटो लावून, त्या सगळ्या बायकांना कोण काय लिहील याचा नेम नाही. आणि आत्याचं गिऱ्हाईक तिच्या शब्दावर येतं. म्हणून मी तिला डोकं पिकेपर्यंत शिकवलं. वर व्हिडिओ पाठवले, की आता यंत्र माणसाचा आवाज बनवतं, चेहरासुद्धा बनवतं, सावध राहा.

त्या दिवशी माझा वर्ग चालू होता. काका आयुष्यातला पहिला ईमेल लिहीत होते. तेवढ्यात मला चुलत बहिणीचा मेसेज आला. 'दादा, माझा एक कोड चुकून तुझ्या नंबरवर गेलाय, प्लीज लवकर पाठव ना.' आणि खरंच, दुसऱ्याच क्षणी मला कोड आला, पण माझ्याच खात्याचा.

माझ्या चुलत बहिणीनं मला जन्मात दादा म्हटलेलं नाही. ती मला माकडा म्हणते. आणि 'प्लीज' हा शब्द तिला शाळेत शिकवला होता, पण तिनं तो वापरल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. मी सरळ तिला फोन लावला. ती रडत होती. "माकडा, सकाळी मैत्रिणीच्या नावानं असाच मेसेज आला, मी कोड दिला, आणि माझं खातंच गेलं रे. आता तो माझ्या नावानं सगळ्यांना मागतोय."

सगळ्यांना म्हणजे आत्यालाही. आणि ही आत्याची लाडकी भाची. तिनं मागितलं तर आत्या कोड काय, माग उचलून देईल.

बहिणीशी बोलता बोलता माझी बॅटरी संपली, म्हणून मी वर्गातल्याच एका मावशींच्या फोनवरून आत्याला फोन लावला. "आत्या, मी बोलतोय. नीट ऐक. आत्ता एक मेसेज येईल किंवा आला असेल, तो कोड कुणालाही द्यायचा नाही. लगेच..."

"कोण बोलतंय?"

"मी. तुझा भाचा."

"माझा भाचा असा बोलत नाय," आत्या म्हणाली आणि फोन कापला.

घाई करणारा माणूस, कोडाची गोष्ट, लगेच कापायचा. माझीच विद्यार्थिनी. पण त्याहून वाईट म्हणजे तिचं खरं होतं. एवढ्या वर्षांत मी आत्याशी कांदेवाला म्हणून बोललो, पुण्याची बाई म्हणून बोललो, रेकॉर्ड केलेली बाई म्हणून बोललो. माझा स्वतःचा, घाबरलेला, सरळ आवाज तिनं फोनवर कधी ऐकलाच नव्हता.

व्हिडिओ कॉल लावला. तिच्या मागाच्या खोलीत रेंज रडतखडत येते. माझं तोंड अर्धवट उघडं राहून चित्र गोठलं आणि आवाज मात्र चालू.

"हेच ते!" आत्या म्हणाली. "तोंड हालत नाय आन बोलतोय. व्हिडिओत दाखवलं व्हतं मला. माझ्या भाच्यानंच पाठवला व्हता." कापला.

तिसऱ्यांदा फोन केला तेव्हा ती चिडली होती. "आरं मेल्या चोरा, सारखा मधी येऊ नको. माझ्या भाचीचं काम अडलंय, तिला कोड पाठवायचाय."

"आत्या, नको! तोच चोर आहे!"

"ती चोर? तिचा फोटो दिसतोय मला, नंबर तिचा हाय. चोर तू. थांब, तुझी मजाच करते. लय भाचा हाय ना माझा? मग सांग, माझ्या भाच्यानं पहिली नक्कल कुणाची केली?"

"हेडमास्तरांची!" मी ओरडलो. सगळा वर्ग वळून बघायला लागला.

"चूक. ठेवते आता."

"थांब! एक मिनिट थांब, आत्या."

हेडमास्तरांच्या आधी कोण? मी डोळे मिटले. उन्हाळ्याचे दिवस, येवल्याच्या स्टँडवर उतरल्यावर लागणारं ऊन, आणि आत्याच्या घरातली गार शहाबादी फरशी. मी मागाच्या कडेला पालथा पडलेला असायचो, शाळेतही जात नव्हतो तेव्हा. डोळ्यांसमोर आत्याचे पाय, खड्ड्यात सोडलेले, एकामागून एक पावडी दाबणारे. वरती रेशीम घेऊन धोटा इकडून तिकडं पळायचा. आणि तो जुना लाकडी माग, त्याची डावी पावडी दाबली की कुणीतरी उंदराच्या शेपटीवर पाय द्यावा तशी ओरडायची. दुपारभर मी त्या मागाशी त्याच्याच आवाजात बोलायचो.

वर्गासमोर, फोन तोंडाशी धरून, मी सुरू केलं. "खट्. खटाक्. चुंईई. खट्. खटाक्. चुंईई."

काका हळूच म्हणाले, "सरांना झटका आला का काय? पाणी द्या कुणीतरी."

मला वाटलं, तिनं फोन कापला. मग आत्या म्हणाली, अगदी हळू, "परत कर."

मी परत केलं.

"त्या पावडीनं डावा पाय लय दुखायचा रे," आत्या म्हणाली. "तेल घातलं तरी वरडायची. घर पक्कं बांधलं तवा तो माग मोडला. आता हा नवा काय बोलतच नाय." मग एकदम, "आरं, म्हणजे तू तूच हाय!"

"मीच आहे. आत्या, कोड पाठवलास?"

"लिवलाय. तुझा फोन सारखा मधी येतोय, बटन दाबू कसं?"

"खोड. आधी खोड. सगळं खोड."

खोडताना ती एकेक अंक मोठ्यानं वाचायला लागली. मी ओरडलो, "वाचू नको!" आणि काका म्हणाले, "आम्ही नाय ऐकला, सर."

बहिणीचं खातं तिला खटपट करून परत मिळालं. रविवारी मी एसटीनं येवल्याला गेलो आणि आत्याच्या अ‍ॅपला दुसरी कडी लावून दिली. म्हणजे सेटिंगमध्ये जाऊन एक पिन ठेवायचा, मग नुसता कोड मिळून चोराचं भागत नाही. पिन आत्यानं स्वतः ठेवला, मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं. तुम्हीही आज लावून घ्या. पिन काय ठेवावा ते मला विचारू नका, विचारलंत तर चोर तुम्हीच.

काम झाल्यावर मी जरा छाती फुगवून बसलो. वाटलं, आता पुरणपोळी येईल. आत्या नव्या मागावर बसली, धोटा हातात घेतला, आणि तोंड सुटलं.

"लय शाना झालाय ना? आवाज खोटा असतो, शिकवलंस. चेहरा खोटा असतो, शिकवलंस. आन आपल्या माणसाच्या नंबरावरून चोर लिवतो, ते का नाय शिकवलं? ते काय सासू शिकवणार का तुझी? वर मलाच म्हणतो, आत्या नीट ऐक! आरं, ऐकू कुणाचं? कांदेवाल्याचं का पुणेवालीचं? इतकी वर्सं फोन करतोस, कधी म्हणलास का, आत्या, मी बोलतोय, जेवलीस का? एकदा? तुझा आवाज कसा हाय ते मला चोराकडनं कळायचं व्हतं का? हसू नको! आन त्यो पावडीचा आवाज. चुंईई म्हणं. ती आधी चुं करायची, मग दमून ईई. इतकं साधं येत नाय आन नाशकात लोकान्ला शिकवतोय. बस इथं खाली. नीट कर, परत."