गोपच्या टीव्हीवरचा निळा रंग

फोन आला तेव्हा मी डोळ्यांत औषध घालून पलंगावर आडवा पडलो होतो. थेंब घातल्यावर थोडा वेळ डोळे मिटून राहायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. फोन आमच्या हिने उचलला. नुसतं ‘हो… हो… कधी?’ एवढंच ऐकू आलं, आणि मग ती माझ्या उशाशी येऊन बसली. उल्हासनगरहून गोपच्या मुलाचा फोन होता. सकाळी दुकानाचं शटर उघडायला म्हणून गोप खाली उतरला आणि जिन्यातच बसला, तो उठला नाही. मी डोळे उघडले नाहीत. आतल्या आत मला एवढंच सुचलं की, रविवारी जायचं राहिलं.

या पुरवणीचे जुने वाचक गोपला ओळखतात, पण माझ्यामुळे चुकीचा ओळखतात. जुन्या विज्ञानपटांच्या नव्याने साफसूफ करून काढलेल्या आवृत्त्यांवर मी इथे काही वर्षं लिहीत होतो. चित्र कसं आहे, आवाज कसा आहे, घ्यावी की जुनीच ठेवावी, असं ते सदर होतं. त्यात ‘आमचे सोफेवाले मित्र’ म्हणून जो माणूस अधूनमधून यायचा आणि ज्याच्यावर तुम्ही हसायचात, तो गोप. सदरावर नाव माझं एकट्याचं असे. आवाजाबद्दलची जवळजवळ सगळी मतं मात्र त्याची होती.

आमची ओळख तरुणपणी उल्हासनगरच्या एका थिएटरात झाली. इंग्रजी अंतराळपट सकाळच्या खेळाला लागला होता. आमच्या दोघांशिवाय फारसं कोणी नव्हतं आणि आम्हा दोघांनाही इंग्रजी कळत नव्हतं. यानाबाहेर दोरीला लटकून काहीतरी दुरुस्त करणारा एक माणूस, आणि मागून एक ग्रह वर येतो तसा त्याच्या पांढऱ्या पोशाखावर हळूहळू चढत जाणारा निळा उजेड… प्रिंट ओरखडलेली, आवाज खरखरता, पण तो निळा मी जन्मात विसरलो नाही. मध्यंतरात गोपने मला त्याच्या सिंधी ढंगात विचारलं, “साईं, तो परत आत जातो का?” मी म्हटलं, मला काय माहीत. आम्ही दुसऱ्या दिवशी परत गेलो. शेवट आदल्या दिवशीच पाहिला होता, गेलो ते त्या उजेडासाठी.

पुढे मी अंबरनाथला रंगांच्या कारखान्यात लागलो आणि शेड जुळवण्याचं काम शिकलो. गिऱ्हाइकाचा नमुना आणि आमचं रंगवलेलं कापड खिडकीपाशी शेजारी शेजारी धरायचं आणि फरक सांगायचा. माझ्या सहीशिवाय माल बाहेर जात नसे. गोपने वडिलांचं सोफ्याचं दुकान सांभाळलं, वाढवलं, आणि वर घरात एक खोली फक्त सिनेमासाठी केली. भिंतींना, दाराला, छतालासुद्धा सोफ्यात घालायचा फोम लावला. त्या खोलीत टाळी वाजवली तर ती हातातच विझायची. गोपला त्याचा इतका अभिमान की येणाऱ्या प्रत्येकाला आधी टाळी वाजवायला लावायचा.

रविवारी तिथे आमची बैठक असे. आधी आवाज बंद करून चित्र बघायचं, ते माझं खातं. जुन्या फिल्मवरचा बारीक दाणा पुसून चेहऱ्यांचे मेणाचे पुतळे केलेत का, कडा इतक्या धारदार केल्यात का की माणसाभोवती पांढरी रेघ दिसते, अंधार काळा आहे की राखाडी. मग गोप उठून टीव्हीवर मखमलीचा तुकडा टाकायचा आणि आम्ही दोघं म्हातारे एका झाकलेल्या टीव्हीसमोर बसून यान ऐकायचो. यानाची घरघर खरी आहे का, हे बघायला तो सोफ्याच्या लाकडी हातावर पंजा ठेवायचा. मागच्या स्पीकरमधून नवे आवाज घातलेले त्याला खपत नसत. “मागे कोणी बोललं की वाटतं गिऱ्हाईक आलं,” असं म्हणून तो खरंच वळून बघायचा. त्याची सगळीच मतं बरोबर नसत. धडाम-धुडूम त्याला जरा जास्तच आवडायचं, आणि स्फोट जोरात असला की बाकी शंभर गुन्हे माफ.

एकदा तो मला बारवी धरणाकडे घेऊन गेला, शांतता ऐकायला. एका नव्या आवृत्तीत खरखर पुसून पुसून अंतराळातली शांतता अगदी कोरी केली होती. मला ती आवडली होती, त्याला नाही. पाण्याच्या काठी आम्ही बराच वेळ गप्प बसलो. मग तो म्हणाला, “ऐक. कोणी नाही, काही नाही, तरी आवाज आहे ना? कोरी शांतता फक्त बिघडलेल्या स्पीकरमध्ये असते.” ते वाक्य मी पुढच्याच लेखात वापरलं. माझं म्हणून.

मग आमच्या त्या पहिल्या चित्रपटाची नवी आवृत्ती आली. गोपने ती परदेशातल्या नातेवाइकांकडून मागवली होती. मिठाई आणून ठेवली होती. तो प्रसंग आला, ग्रह वर चढू लागला… आणि मला निळा दिसेना. पोशाख हळदीच्या पाण्यातून काढल्यासारखा, उजेड मळकट. हल्ली जुन्या चित्रपटांना पिवळी छटा द्यायची खोड काही मंडळींना लागली आहे, त्यातलाच हा प्रकार, असा निकाल मी देऊन टाकला. गोप म्हणाला, “साईं, सफेद आहे. आणि निळा पण तोच आहे, आपलावाला.” मी हसलो. तेव्हा तो खाली दुकानात गेला आणि सोफ्याच्या खोळीचं पांढरं कापड घेऊन आला. ते त्याने पडद्यावरच्या पोशाखाला लावून धरलं. माझीच पद्धत, माझ्याकडूनच शिकलेली. दोन्ही तंतोतंत जुळत होते. आणि मी, आयुष्यभर शेड जुळवलेला माणूस, म्हणालो, “हे कापडच पिवळट आहे.”

“उल्हासनगरचा अख्खा कॅम्प हे सफेद म्हणून नेतो,” गोप म्हणाला. मग जरा थांबून, हलक्या आवाजात, “डोळे दाखवून ये ना एकदा.”

“तू सोफे वीक,” मी म्हटलं. “रंग माझ्यावर सोड.”

त्याने रिमोट माझ्या हातात दिला आणि म्हणाला, तुझ्या हिशोबाने लाव. मी टीव्हीचा निळा वाढवत नेला, तो पोशाख मला पांढरा दिसेपर्यंत. “आता बरोबर?” त्याने विचारलं. मी म्हटलं, आता बरोबर. त्या आवृत्तीला मी या पुरवणीत झोडपलं आणि हळदीला पांढरं म्हणणाऱ्या सोफेवाल्या मित्रावर एक अख्खा परिच्छेद लिहिला. खूप जणांनी दाद दिली. गोपने तो कापून दुकानात काचेखाली लावला आणि गिऱ्हाइकांना दाखवायचा, हा मीच.

वर्षभराने बायकोने धुतलेला पांढरा सदरा मी दोनदा परत धुवायला टाकला, तेव्हा ती मला ओढत बदलापुरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. मोतीबिंदू दोन्हीकडे पिकला होता. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, घरी आलो. स्वयंपाकघरातल्या ज्या फरशांना मी क्रीम रंगाच्या समजत होतो त्या पांढऱ्याशुभ्र होत्या. डावा डोळा झाकला की पांढऱ्या, उजवा झाकला की हळदीच्या. मी तिथेच उभा राहून कितीतरी वेळ डोळे आलटून पालटून झाकत होतो. ही म्हणाली, काय झालं? काय सांगणार… कापड पांढरं होतं.

गोपचा फोन यायचा. दिसतं का साईं? दिसतं. मग ये रविवारी, परत बघू. मी म्हणायचो, दुसरा डोळा होऊ दे. दुसरा झाला, तर म्हटलं थेंब चालू आहेत. डॉक्टरांनी टीव्ही बघायला केव्हाच परवानगी दिली होती. त्याच्यासमोर बसून काय म्हणायचं, ते वाक्य काही माझं जुळत नव्हतं. तोवर हा फोन आला.

त्याचं बारावं झाल्यावर काही आठवड्यांनी एका रविवारी मी गेलो. गोपच्या बायकोने, कमलाभाभींनी, चहा दिला आणि स्वतःहून ती खोली उघडली. टीव्ही लावला. बातम्या सांगणाऱ्या मुलीचा चेहरा थंडीत गारठल्यासारखा निळा, मागची भिंत जांभळी. मी म्हटलं, भाभी, टीव्ही बिघडलाय.

“बिघडला नाही दादा. तुम्ही लावलेला आहे तसाच आहे.”

मग त्या हसतच सांगू लागल्या. हे कोणाला हात लावू देत नसत. क्रिकेटचं मैदान निळं, सिरियलमधल्या सगळ्या सुना आजारी दिसायच्या. नातवंडं चिडवायची. मुलगा एकदा नीट करायला गेला तर त्याच्यावर ओरडले, दादा रविवारी येतो, त्याला परत लावत बसायला लागेल. मी विचारलं, त्याला स्वतःला त्रास नाही झाला?

“म्हणायचे, डोळे झाले की तो येईल आणि स्वतःच काढेल.”

म्हणून, वाचकहो, त्या लेखातला निकाल मी मागे घेतो. ती आवृत्ती उत्तम आहे. पांढरा पांढरा आहे, आणि निळा तोच आहे, आम्ही दोघांनी थिएटरात पाहिलेला. पिवळा रंग माझ्या डोळ्यांत होता. हे गोपने तेव्हाच ओळखलं होतं, आणि बारवीच्या काठचं ते वाक्यही त्याचंच.

भाभी चहाचे कप घेऊन बाहेर गेल्या. ते पांढरं कापड अजून सोफ्याच्या हातावर पडलेलं होतं. मी रिमोट घेऊन निळा कमी कमी करत मूळच्या जागी आणला, तो चित्रपट लावला, तो प्रसंग काढला आणि कापड पडद्याला लावून धरलं. ग्रह वर आला. उजेड पोशाखावर चढला, आणि कापडाच्या कडेवरही जरासा पडला.

“सफेद आहे, गोप,” मी म्हणालो.

त्या खोलीत आवाज परत येत नाही. फोम त्यानेच लावला होता, त्याचसाठी.