अंगणापर्यंतचा निरोप

नागपूरहून निघालो तेव्हा माझ्याजवळ वळकटी, चिवड्याचा डबा आणि एका डॉक्टरचा निरोप होता. डॉक्टर माझा शाळासोबती. मी चांद्याच्या जंगलात भटकायला निघालोय हे कळताच म्हणाला, "गडचिरोलीच्या पुढे सोमाजी नावाचा माझा रोगी आहे. ज्येष्ठात हृदयविकाराचा झटका आला होता. घरी सोडताना बजावलं होतं, मी पुन्हा तपासेपर्यंत अंथरुणातून उठायचं नाही. तो परत आलाच नाही. त्याला सांग, आता उठून बसावं, अंगणापर्यंत चालावं."

एवढंच ना! नाटकातल्या दूताचं काम मी झोपेतही केलं असतं.

मूल गावापर्यंत छोटी रेल्वे, पुढे मोटार. मोटारीत एका बाईंची कोंबडी माझ्या मांडीवर बसली आणि मालकीण उतरली तरी उठायला तयार होईना. वैनगंगेवर डोंगा मिळाला. नावाडी म्हणाला, "पावसात इथी डोंगा चालत नाई, भाऊ. बिमार माणूस पल्याडच राह्यते." माझी थट्टामस्करी तिथेच ओसरली.

पुढे बैलगाडी. सागाचं रान, मधूनच कापणीला आलेल्या बांध्या (भातखाचरं). एका बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बांबूला दोरांनी टांगलेली खाट दिसली. दोन गडी ती खांद्यावर वाहत होते आणि खाटेवरून एक माणूस ओरडत होता, "अबे, विळा खाली धर!"

तोच सोमाजी. गावाने पाळी लावली होती. रोज एका घराने त्याला उचलायचं, शेत दाखवायचं, पुन्हा ओसरीवर आणून ठेवायचं. नदीचा पूर उतरल्यावर असाच मोटारीपर्यंत नेला होता. पण मोटारवाल्याने निजलेला माणूस घेतला नाही. डॉक्टरचा शब्द मात्र कुणी त्याला मोडू दिला नव्हता. पाय इतके बारीक झाले होते की मी नजर वळवली.

भात, लाखोरीचं वरण आणि जवसाची चटणी जेवल्यावर मी निरोप सांगितला. त्याची बायको पुढे आली.

"तुमी डाक्टर हाय का?"

"नाही."

"मंग काऊन उठवून राह्यले यायले? काई झालं तं तुमी नागपूरले निघून जासान. मी कुठी जाऊ?"

सोमाजीच म्हणाला, "पडल्या पडल्या कापणी पाहू नाई वाटत मले. धर वो."

एक हात तिच्या खांद्यावर, एक माझ्या. थरथरत तो अंगणातल्या मोहाच्या झाडापर्यंत गेला. खाट वाहणारे गडी श्वास रोखून उभे. सोमाजी बुंध्याशी टेकला, छातीवर तळवा ठेवला, मग हसला. "चालू हाय." बायकोने तोंडाला पदर लावला.

"आता उद्या किती चालू, भाऊ? बांधीपर्यंत जाऊ का? नांगर कधी धरू?"

निरोप तर अंगणातच संपला होता. जन्मभर गोष्टींना तिखटमीठ लावत आलेल्या मला त्या दिवशी पदरचं एक पाऊल जोडायची हिंमत झाली नाही. "विचारून सांगतो," एवढंच म्हणालो.

पुढे सिरोंच्यापर्यंत भटकायचा बेत सोडून माघारी फिरलो. डोंग्यात बसल्यावर वाटलं, औषधाची बाटली कशीबशी ही नदी ओलांडते. आज इतकं चाल, उद्या तितकं, असं म्हणणारा माणूस काही ओलांडत नाही.

नागपुरात घरी न जाता थेट डॉक्टरकडे गेलो.

"पाहिल्याशिवाय उद्याचं कसं सांगू?" तो म्हणाला. "त्यालाच घेऊन ये."

मी त्याला बांबू, खाट, डोंगा, मोटार, सगळं सांगितलं. त्याने स्टेथोस्कोप पिशवीत टाकला.

मग म्हणाला, "मूलची गाडी किती वाजता सुटते?"