आमच्या गल्लीतले दोन हत्ती

क्षिप्रेकाठची आमची वस्ती म्हणजे मुळात काकडी-टरबुजाची वाडी. पूर आला की पाणी थेट चुलीपर्यंत. आमचे पूर्वज दरबारच्या पागेत घोड्यांची चंदी मोजायचे. ही जागा दुसऱ्या कुणाला नको होती म्हणून त्यांना मिळाली. पण हे आमच्या काकांना कोण सांगणार? स्वतः केव्हाच नव्या शहरात, फ्रीगंजच्या फ्लॅटात राहायला गेले, आणि तिथं बसून नदीकाठचा इतिहास उगाळतात. बडा घर, पोकळ वासा.

सिंहस्थासाठी रस्ते रुंद करायचे म्हणून सर्वे सुरू झाला. आमची गल्ली घ्यायची की मागची, एवढंच ठरायचं होतं. गल्लीच्या तोंडाशीच माझ्या विधवा आत्याचं घर. समोरच्या खोलीत मशीन टाकून ती ब्लाउज शिवते, त्यावरच तिचं चालतं. ती खोली गेली तर उरणार फक्त मागचं अंधारं स्वयंपाकघर. काका तिचे सख्खे मोठे भाऊ. छातीठोकपणे म्हणाले, काळजी करू नकोस, मी सर्वेच्या साहेबांना समजावतो.

समजावलं की! गणेशोत्सवात मंडळानं त्या साहेबांनाच प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं. शाल, श्रीफळ, साबुदाण्याची खिचडी, सगळं झालं. इथं जुनी घरं आहेत, ती वाचवा, एवढंच काकांनी म्हणायचं होतं. पण माइक हातात आला आणि दरबार आठवला की आमच्या लोकांच्या अंगात येतं. म्हणाले, या गल्लीतून महाराजांची सवारी घाटावर जायची, दोन-दोन हत्ती बरोबरीनं. हत्ती म्हणे! समोरून म्हैस आली तर माणसाला ओट्यावर चढावं लागतं, त्या गल्लीत. आ बैल मुझे मार, दुसरं काय!

साहेबांनी खिचडीची प्लेट खाली ठेवली. "दो हाथी साथ में? मतलब रोड पहले चौड़ी थी. आगे के कमरे बाद में बढ़ाए गए हैं."

"बिलकुल साहब," काका म्हणाले. खाली बसलेल्या शहाण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांची मला आजही किळस येते.

थोड्याच दिवसांत आत्याच्या भिंतीवर लाल निशाण लागलं आणि दिवाळीच्या आधी खोली पडली. काका सवडीनं भेटायला आले. आत्या स्वयंपाकघरात शेगडीशेजारी मशीन कोंबून शिवत होती. काका दारात उभे राहून सांगू लागले की आता गल्लीला ऐतिहासिक मार्गाची पाटी लागणार आहे, आपल्या घराण्याचं नाव होईल.

आत्यानं वर पाहिलं नाही. "दादा, दारातून बाजूला हो," ती म्हणाली. "तेवढाच उजेड येतो."