सातशे सदतीस फेऱ्यांचा मैल

कडेगावच्या पलीकडं आमच्या गावात मैल एकच होता, आणि तो मानसिंगनानांचा होता. नाना फौजेत ट्रक चालवायचे. शहाऐंशी साली पेन्शन घेऊन आले आणि पिठाच्या गिरणीपासून ओढ्याच्या पुलापर्यंतचा रस्ता त्यांनी सायकलनं मोजला. चाकाच्या एका तारेला तांबडी चिंधी बांधायची आणि ती किती वेळा वर येते ते मोजायचं. चाकाचा घेर सात फूट दोन इंच, म्हणजे सातशे सदतीस फेऱ्यांचा मैल. गुणाकार मी तपासला होता. गावात गणित शिकवायचो मी, एवढा मान तर मिळायलाच हवा! भरतीला जाणारी सगळी पोरं तेव्हापासून त्याच मैलावर पळायची. गिरणीपाशी स्टॉपवॉचचं बटण स्वतःच दाबायचं आणि पुलावर नाना उभे असायचे, त्यांच्या हातात घड्याळ द्यायचं.

चौऱ्याण्णव साली शिवतेज दुसऱ्यांदा नापास होऊन आला. पोरगं हाडाचं काटक, गावात दर वेळी वेळेच्या आत यायचं, पण भरतीच्या मैदानावर दहा-बारा सेकंदांनी मागं पडायचं. वय संपत आलेलं. पुढची भरती तीन महिन्यांवर, आणि तीच शेवटची. पारावर चार माणसांसमोर नानांनी त्याला फाडून खाल्लं.

"साहेब बघितला की पाय लटपटत्यात तुझं! दम हाय रं, काळीज न्हाई."

शिवतेज मान खाली घालून गेला. मला राग आला, पण फौजी माणसापुढं मास्तर काय बोलणार? फक्त म्हटलं, "नाना, भ्यालेला माणूस एकदा तीस सेकंदांनी मागं पडेल, एकदा पाच. हा दोन्ही वेळा सारखाच कसा काय भितो?"

किडा नानांच्या डोक्यात शिरलाच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मैल पुन्हा मोजला. सातशे सदतीस. दुपारी मोजला तर सातशे छत्तीस. "ह्यो एक गेला कुठं?" म्हणून ते चाकाशीच भांडत बसले. उन्हानं हवा फुगली, चाक टणक होऊन घेर केसभर वाढला, हे कळल्यावर एवढे खूश झाले की बायकोनं जेवायला हाक मारलेली ऐकू आली नाही. पण एका फेरीनं दहा सेकंद जात नाहीत. मग कुठं जातात? आठवडाभर त्यांनी मला शाळेत, घरी, केशकर्तनालयातसुद्धा हेच विचारलं. माझाही जीव खाल्ला.

उत्तर धुळीत होतं. एका सकाळी पोरांचं पळणं झाल्यावर नाना पुलाकडून मागं चालत आले आणि विहिरीच्या वळणावर थबकले. मला निरोप पाठवून बोलावलं. पावलं रस्ता सोडून आतल्या कडेनं, बांधावरून थेट पलीकडं गेली होती. पुढच्या दोन्ही वळणांवर तेच. पळणारा माणूस जवळची वाट धरतो, ह्यात चोरी कसली? पायांना सांगावं लागत नाही. पण नाना ट्रक ड्रायव्हर! वीस वर्षं डाव्या बाजूनं गाडी हाकलेला माणूस, तिन्ही वळणं उजवीकडची आणि सायकलसुद्धा डाव्या, म्हणजे बाहेरच्या कडेनंच गेली होती. वळण गोल, लांब, कायद्याप्रमाणं.

नानांनी सायकल हातात धरली आणि चाक पावलांवरून ढकलत नेलं. सातशे तेरा. चोवीस फेऱ्या कमी, म्हणजे एकशे बहात्तर फूट. मी तिथंच काडीनं धुळीत हिशेब मांडला. शिवतेजच्या चालीनं अकरा सेकंद.

"म्हंजी मी पुरा मैल कवा पळलोच न्हाई?" मागं येऊन उभ्या राहिलेल्या शिवतेजनं विचारलं.

"न्हाई," नाना म्हणाले. त्यांचा चेहरा मला बघवेना.

वळणांवर चुन्याच्या रेघा पडल्या. पहिल्या दिवशी शिवतेज बारा सेकंद मागं आला आणि सगळ्यांना हायसं वाटलं. निदान शत्रू तरी दिसला. ते बारा सेकंद खरवडून काढायला त्याला अडीच महिने लागले. साताऱ्याच्या भरतीत तो चार सेकंद राखून आत आला.

गावात पेढे वाटले. पारावर गर्दी जमली तेव्हा नाना उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "ह्या पोराला मी भित्रा म्हणलो. ते भ्यालं नव्हतं. माझं माप चुकलं हुतं." कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी शिवतेजला खांद्यावर घेतलं.

गर्दी पांगली तरी जोतीराम तिथंच उभा होता. कारखान्याला ऊस ओढणारा ट्रॅक्टर चालवायचा तो. सव्वीस वर्षांचा, लग्न झालेला. पाच वर्षांपूर्वी नानांच्याच हाताखाली पळायचा.

"नाना," तो हळूच म्हणाला, "मी नऊ सेकंदांनी ऱ्हायलो हुतो. तवा बी ह्योच मैल हुता का?"

नानांनी त्याच्याकडं बघितलं.

"व्हय रं," ते म्हणाले. "ह्योच हुता."