उजव्या हाताची करंगळी

देवगाव फाट्यावर पोलिओचं बूथ लावताना माझी यादी ठरलेली असते: लशीचा डबा, मार्कर, पाणी, सावली. शेवटच्या दोन गोष्टी चहाच्या टपरीवर मिळतात. टपरीवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. त्याचा डावा पाय पोलिओनं वाळलेला आहे. गुडघ्यावर हात दाबत तो चालतो. माठात कुणी पेला बुडवला की ओरडतो, "ओ पाव्हणं, हात नका बुडवू! हागणदारीतला रोग हातानंच तोंडात जातो. वगराळं कशाला ठेवलंय?"

यंदा एक मेंढपाळ बाई तान्ही लेक कडेवर घेऊन मानवतच्या बसकडे धावत होती. पोरीच्या करंगळीवर काळी खूण दिसली, म्हणून मी अडवलं नाही. बाई बसमध्ये चढली.

टपरीवाला उकळता चहा सोडून बसच्या पायरीवर जाऊन उभा राहिला. "मॅडम, खूण उजव्या हाताला हाय! तुमी तर डाव्या करंगळीला करता."

बाई ओशाळली. "डोस म्हणलं की लय रडती. थोरलीनं पेनानं खूण काढली."

"उतर खाली, उशीर व्हायलाय," कंडक्टर टपरीवाल्यावर खेकसला.

"होऊ दे," टपरीवाला म्हणाला. "माझ्या टायमाला बी उशीरच झालता."

मी धावत जाऊन पोरीच्या तोंडात दोन थेंब टाकले आणि डाव्या करंगळीला खूण केली. मग गुडघा दाबत तो पायरीवरून सावकाश उतरला. तो उतरेपर्यंत कंडक्टरने घंटी वाजवली नाही.