रद्द झालेल्या सहलीचे फोन

आमच्या वेंटवर्थव्हिल उपनगरातल्या ट्रॅव्हलवाल्या बाई प्रत्येक वाक्याआधी ‘ऐका ना’ म्हणतात. लॉकडाऊनमुळे भूमध्य समुद्राकाठच्या एका जुन्या गावाची आमची सहल रद्द झाली, तरी ठरलेल्या तारखांना त्यांचा रोज सकाळी फोन यायचा.

“ऐका ना, आज तटबंदीवरून फिरायचं होतं, ऊन चढायच्या आत.”

मला रागच आला. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, “ऐका ना, आज बंदरावर जेवण. पण तुमची संकष्टी, म्हणून मासे मी उद्यावर ठेवलेत.”

तिसऱ्या दिवशी मी चहा घेऊन फोनची वाट बघत बसलो.

शेवटच्या सकाळी म्हणाल्या, “ऐका ना, हॉटेल सोडताना चार्जर बघा. सगळे पलंगामागेच विसरतात.”

फोन ठेवला आणि मी पलंग ओढून मागे बघितलं.