चालीत पाठ केलेली मुलाखत

मंगळवारी कारंजाच्या शाळेत, मागच्या बाकावर मी अंग चोरून बसलो होतो. परीक्षा माझी नव्हती, नातीची होती.

गौरी आठवीत आहे, सेमी इंग्रजीच्या तुकडीत. मागच्या तोंडी परीक्षेत तिच्या तोंडून एक शब्द फुटला नाही. या वेळी जमलं नाही तर तुकडी बदलावी लागेल, असं इंग्रजीच्या मॅडमनी पालकांना बोलावून सांगितलं होतं. त्या दिवसापासून पोरगी धड जेवत नव्हती.

विषय होता मुलाखत. मॅडम प्रश्न विचारणार, मुलांनी ‘टू’ लावून क्रियापद वापरत उत्तर द्यायचं. आय वॉन्ट टू बी अ नर्स. आय लाइक टू रीड. आय होप टू गो टू नागपूर... अशी दहा प्रश्नोत्तरांची यादी मॅडमनी दिली होती. मुलगा-सून सोयाबीन सोंगायला शेतात, त्यामुळे सराव आणि परीक्षेच्या दिवशी पालक म्हणून वर्गात बसणं, दोन्ही माझ्याकडे आलं.

"आबा, मले नाई जमत," गौरी रडवेली होऊन म्हणाली.

"काहून नाई जमत? चाल लावू ना!"

आमचे गुरुजी कविता चालीवरच पाठ करून घ्यायचे. साठ वर्षं झाली, पण अजून खडूचा वास आला की आत कुठेतरी एखादं कडवं आपोआप सुरू होतं... म्हणून इंझोरीच्या आमच्या ओसरीवर आम्ही दोघं आठ दिवस ती मुलाखत गात होतो. प्रश्न चालीत, उत्तरंही चालीत. शेजारच्या सकीनाबी कुंपणावरून ओरडल्या, "काय हो आबा, इंग्रजीचं भजन करून राह्यले का?" तेव्हा गौरी किती दिवसांनी हसली.

आणि मंगळवारी मॅडमनी विचारलेला पहिलाच प्रश्न आमच्या यादीतला सातवा निघाला.

गौरीने माझ्याकडे बघितलं. चालीत पाठ केलेली कविता मधूनच उचलता येत नाही हो... तिसरं कडवं हवं असेल तर मलाही आधी पहिली दोन म्हणावी लागतात. हे माझ्या लक्षात कसं आलं नाही? पोरीला मीच अडकवलं होतं.

मग तिचे ओठ हलायला लागले. बोटं ओढणीवर ताल धरत होती. ती पहिल्यापासून निघाली होती, पुटपुटत, चालीत!

"अबे, हे तं गाऊन राह्यली!" कोणीतरी खिदळलं. मॅडमनी नुसता हात वर केला आणि थांबून राहिल्या.

पाचवं... सहावं... "आय होप टू गो टू नागपूर!"

पुढचा प्रश्न तिसरा. पुन्हा पहिल्यापासून. त्यापुढचा नववा... मीही तिच्याबरोबर मनात म्हणत होतो. आता वर्गात कोणी हसत नव्हतं.

शेवटी मॅडमनी हातातला कागद उलटा ठेवला. "गौरी, व्हॉट डू यू वॉन्ट टू डू नाऊ?"

हा प्रश्न आमच्या यादीत नव्हताच. याला चाल नव्हती... मी मान खाली घातली.

मग साध्या, कोरड्या पडलेल्या आवाजात, "मॅडम... आय वॉन्ट टू ड्रिंक वॉटर."

सगळा वर्ग हसला, मॅडमही. त्यांनी स्वतःची बाटली तिच्यापुढे सरकवली. "पी. आणि उद्या याच तुकडीत येऊन बस. आजोबा, तुम्ही मात्र चाल बंद करा!"

परतीच्या एसटीत गौरी म्हणाली, "आबा, थे पाण्याचं तं तुमी शिकवलंच नव्हतं."

"नाई बेटा. थे तुह्यं सोताचं हाय."

ती खिडकीला डोकं टेकून झोपी गेली. मी जन्मभर दुसऱ्यांच्या ओळी म्हणत आलो... असं तहान लागल्यावर निघालेलं स्वतःचं एक वाक्य मला कधी सुचलं नाही. मॅडम, तुम्ही ही पोस्ट वाचत असाल तर, थांबून राहिलात त्याबद्दल आभार. त्या बाटलीतलं पाणी माझ्यापर्यंतही पोचलं.